लिंबू टोचलेली कट्यार

मी सुऱ्या बनवते असं सांगितलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे. तो बिचारा बँकेत आहे. त्याने सफरचंद सोललं तर अर्धं सफरचंद सालीबरोबर जातं. पण लोकांना वाटतं, बाई पुढे उभी केलीय आणि खरं काम मागे हाच करत असणार.

दुसरा प्रश्न ठरलेला असतो. ‘म्हणजे लोखंडसुद्धा तुम्हीच बनवता?’ नाही बाबा, विकत आणते. दोन जातींच्या पोलादांचे थर एकावर एक रचून, तापवून, ठोकून, पिळून ज्यांनी ती पट्टी तयार केली त्यांची भट्टी मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. पट्टी कुरिअरने येते, जाड कागदात गुंडाळून, तेलाने माखलेली. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, जणू मी त्याला फसवलं. पूर्वी मी खुलासे करत बसायचे. आता सरळ विचारते, तुमच्या आईने भाकरी केली तेव्हा तांदूळ तिने पिकवला होता का?

पट्टी येते तेव्हा अगदी मठ्ठ दिसते. करडी, कुठे नक्षी नाही की काही नाही. तिच्यातून पात्याचा आकार कापायचा, ग्राइंडरच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी उतार काढायचा, लाल होईस्तोवर तापवायचं, लोहचुंबक चिकटेनासं झालं की तेलात बुडवायचं. मग ते काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून पुन्हा घरच्या ओव्हनमध्ये मंद भाजायचं. त्या दिवशी घरात केक मागायचा नाही, एवढा नियम मी घालून दिलाय. त्यानंतर पॉलिश पेपरने घासत बसायचं, खांदे भरून येईपर्यंत. आणि सगळ्यात शेवटी ॲसिड. पातं ॲसिडमध्ये सोडलं की काळा पडणारा थर काळा पडतो, ज्यात निकेल आहे तो पांढरा राहतो, आणि तापल्या दुधावरच्या सायीला सुरकुत्या पडाव्यात तशी नक्षी वर येते. कितीही वेळा बघितलं तरी मला त्या क्षणी बोलायला कुणी नको असतं. खारघरच्या टॉवरमधले एक गिऱ्हाईक, सुरी हातात घेऊन भारावून म्हणाले, ‘मॅडम, यात आयुष्याचं तत्त्वज्ञान आहे.’ मी म्हटलं, ‘यात निकेल आहे. आणि ती भिंतीवर लावू नका, कांदा कापा.’

प्रत्येक गिऱ्हाइकाला सुरीबरोबर मी दमही देते. ही स्टेनलेस नाही. वापरली की धुवा, पुसा, तेलाचं बोट फिरवा. लिंबू, कोकम, चिंच, काही आंबट कापून तशीच टाकलीत तर काळी पडेल, गंजेल, मग माझ्याकडे रडत यायचं नाही.

हे सगळं काम मी खांदा कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये सुरू केलं होतं. सोसायटीने दोन महिने ग्राइंडरचा आवाज सोसला आणि मग मीटिंग बोलावली. तेव्हापासून माझं दुकान रोडपालीला, माहेरच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पुढच्या घरात आई आणि माझा धाकटा भाऊ राहतात. आई दिवसातून चारदा शेडच्या दारात येऊन विचारते, ‘जेवलीस का गो?’ आणि उत्तर न ऐकता जाते, कारण ग्राइंडर चालू असतो.

भावाबद्दल सांगायला हवं. तो चाळिशीचा आहे, लिफ्ट दुरुस्त करतो. कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला, हसरा माणूस. त्याची बायको चार वर्षांपूर्वी तापाने गेली. साधा ताप म्हणून त्याने गोळी आणून दिली, ड्यूटीवर गेला, संध्याकाळी आला तर तिला उठवेना. हॉस्पिटल झालं, आयसीयू झालं, आठवड्याच्या आत ती घरी आली ती पांढऱ्या चादरीत. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर तो बोलायचा, जेवायचा, कामावर जायचा, सगळं करायचा. पण कुणी दुसऱ्या लग्नाचं काढलं की उठून मोटरसायकल पुसायला लागायचा. एकदाच मला म्हणाला, ‘ताई, माझ्या घरात बाई टिकत नाय.’ मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हटलं, ‘मी अठरा वर्षं टिकले की या घरात, आई पंचेचाळीस वर्षं टिकलीय, आम्ही काय बाया नाही?’ तो हसला. पण ते त्याच्या मनातून गेलं नाही, हे मला कळत होतं.

मग ती भेटली. कळंबोलीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. तिथली लिफ्ट सारखी अडकायची आणि हा सारखा जायचा. पस्तीस उलटलेली, धाकट्या भावंडांचं सगळं करण्यात लग्न राहून गेलेली. लग्नाचं तिनेच विचारलं. त्याने वर्षभर हो-नाही केलं. शेवटी हो म्हणाला तेव्हा आईने देवापुढे नारळ फोडला आणि मी शेडमध्ये जाऊन एकटीने रडून घेतलं. आनंदाने रडले, आणि थोडी भीतीनेही, कारण तो हो म्हणाला तो आवाज पक्का नव्हता.

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात. टोकाला लिंबू टोचलेलं असतं. बाहेरची बाधा, वाईट नजर, जे काय असेल ते त्या टोकाने आणि त्या लिंबाने अडवायचं. हळद उतरेपर्यंत कट्यार खाली ठेवायची नाही आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. जेवताना मांडीवर, झोपताना उशाशी, एरवी हातात नाहीतर कमरेला. मी म्हटलं, माझ्या भावाची कट्यार मी करणार. आई म्हणाली, ‘बाजारात काय कमी हायेत?’ मी म्हटलं, ‘हायेत. पत्र्याच्या. माझ्या भावाला मी पत्रा देणार नाही.’

जपून ठेवलेली एक पट्टी होती माझ्याकडे, पिळाची. चांगल्या गिऱ्हाइकासाठी राखली होती. तिचं दुधारी, वीतभर पातं काढलं. मूठ शिसवाची, पितळी खिळ्यांची, मधे किंचित फुगीर, म्हणजे घामेजल्या हातातून निसटणार नाही. भाऊ रोज कामावरून आला की शेडच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, ‘एवढं काय गो त्यात? दोन दिवस तर धरायची.’ पण ॲसिडमधून पातं काढून मी नळाखाली धरलं, त्या दिवशी तो आत आला. बोट फिरवून बघत राहिला. ‘धार नको लावू,’ एवढंच म्हणाला, ‘पोरं असतात आजूबाजूला.’ मी धार बोथट ठेवली. टोक मात्र लिंबापुरतं चांगलं केलं.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात कोण आनंद! धवलारीण म्हातारी पाटावर बसून लग्नाचे धवले गात होती आणि तिच्या आवाजावर डीजेवाला आवाज चढवत होता, शेवटी आईने जाऊन त्याचं बटणच बंद केलं. मामीने ताज्या लिंबाला कट्यारीचं टोक खुपसलं, रस पात्यावरून मुठीपर्यंत ओघळला, त्यावर हळदीचे हात लागले. मी समोर उभी राहून फोटो काढत होते. सगळ्या जगाला आंबटाचा दम देणारी मी, टाळ्या वाजवत होते! खरं सांगते, डोक्यात आलंच नाही. शेडमध्ये ती सुरी होती, तिथे मला सगळं कळतं. मांडवात ती कट्यार झाली होती, आणि कट्यारीला लिंबू लावतात. या दोन गोष्टींची माझ्या डोक्यात गाठच पडली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी चहा घेऊन मागच्या पडवीत गेले तर भाऊ तिथे बसलेला. अंगाला सुकलेली हळद, डोळे तांबारलेले. मला वाटलं, झोप झाली नाही. त्याने हात पुढे केला.

कट्यार काळी पडली होती. काळी म्हणजे तव्याच्या बुडासारखी, लिंबाला टेकलेल्या टोकाकडे निळसर, आणि मधेच गंजाचा तांबडा ओघळ मुठीपर्यंत. लिंबूही आतून काळं. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबडा डाग पडला होता. माझं पहिलं लक्ष गेलं ते त्या डागाकडे, आणि अपशकुन हाच शब्द मनात आला. मला लोखंड कळतं, ॲसिड कळतं, तरी आला. उगाच शहाणपणा कशाला सांगू?

‘फोन कर त्यांना,’ तो म्हणाला.

‘कुणाला?’

‘तिच्या घरी. वऱ्हाड निघालं नाय अजून. नको म्हणून सांग.’

‘अरे गाढवा, लिंबाचा रस आहे तो! ॲसिड! रोज मी हेच तर करते, पातं ॲसिडमध्ये बुडवते, काळं करते. तू डोळ्यांनी बघितलंस ना?’

‘बघितलं.’

‘मग?’

‘मंग काय? पहिली गेली तेव्हा पण डॉक्टर सांगत होते, अमुक कमी झालं, तमुक वाढलं. मला सगळं कळलं होतं ताई. कळून काय झालं?’

आत आई मोठ्याने कुणाला तरी वड्यांच्या पिठाबद्दल झापत होती. ती कुठल्याही क्षणी बाहेर आली असती आणि तिने हे बघितलं असतं तर सगळंच आटोपलं असतं. मला दुसरं काही सुचेना, म्हणून जे येतं ते करायला घेतलं. म्हटलं, ‘दे इकडे, साफ करते.’

‘हळद हाय अंगावर. देता येत नाय.’

‘बरं, देऊ नकोस. धरून बस.’

शेडमधून बारीक पॉलिश पेपर, खायचा सोडा, पाण्याची वाटी आणि जुनं सुती फडकं घेऊन आले. एरवी पातं पकडीत आवळून घासायचं असतं. इथे माझ्या भावाची मूठच पकड होती. तो पडवीच्या पायरीवर, मी खालच्या पायरीवर, त्याच्या हातात मूठ, माझ्या हातात पातं. आधी लिंबू काढून फेकलं. सोडा चोळला, आंबट मेलं. मग पेपर ओला करून एकाच दिशेने, मुठीकडून टोकाकडे, हलक्या हाताने. ‘घट्ट धर,’ मी म्हणत राहिले. गंज निघाला. काळ्याचा वरचा थर निघाला. आणि खालून नक्षी वर आली, मी काढली होती त्याहून खोल. लिंबाने माझ्या ॲसिडपेक्षा चांगलं काम केलं होतं.

‘बघ,’ मी म्हटलं. ‘वाईट झालंय का?’

त्याने बघितलं. ‘चांगलं दिसतंय,’ म्हणाला. आणि मग अगदी हळू, ‘ताई, ती पण मेली तर?’

मला त्याचा राग आला, आणि तितकीच माया दाटून आली. मी पेपर खाली ठेवला.

‘तुझ्या पहिल्या लग्नात कट्यार कसली होती रे?’

तो आठवायला लागला. ‘मांडववाल्यानं दिली होती. भाड्याची.’

‘कशी होती?’

‘स्टीलची. चकचकीत.’

‘काळी पडली होती?’

‘नाय.’

‘एखादा डाग?’

‘नाय.’

‘लिंबू?’

‘दोन दिवस हिरवंगार होतं,’ तो म्हणाला, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. चार वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. स्मशानातून आला तेव्हाही तो पाहुण्यांना पाणी देत होता. आता तो लहान पोरासारखा हुंदके देत रडायला लागला, आणि कट्यार खाली ठेवायची नाही म्हणून एकाच हाताने डोळे पुसत राहिला, हळद सगळी गालांवर फासली गेली. मी पातं धरून ठेवलं, त्याला लागू नये म्हणून. मीही रडले. पहिल्या वहिनीसाठी रडले. ती माझ्याकडे शेडमध्ये येऊन बसायची, मला म्हणायची, मला एक बोंबील कापायची सुरी करून द्या, आणि मी आज-उद्या करत राहिले होते.

थोड्या वेळाने तो उठला आणि आत बघून ओरडला, ‘आये, लिंबू दे एक.’

‘कालचं कुठं गेलं?’ आई आतून.

‘सडलं.’

‘एका रातीत? आता लिंबं पण तसलीच यायला लागली,’ म्हणत आईने खिडकीतून लिंबू दिलं. या वेळी मी पात्याला खोबरेल तेल चोळलं, टोकाला मेण लावलं, आणि मगच लिंबू टोचू दिलं. दर दोन तासांनी नवरदेवाच्या मागे फडकं घेऊन धावत होते. वऱ्हाडी विचारत होते, ही बहीण सारखी त्याच्या हातात काय पुसतेय?

लग्न लागलं. माझ्या बोलण्याने त्याला पटलं, अशी माझी समजूत झाली होती. मला स्वतःचं जरा कौतुकही वाटत होतं, कशाला खोटं बोलू? पण मांडवात माझं लक्ष त्याच्या हाताकडे जात होतं. हार घालताना, सप्तपदी घेताना, फोटो काढताना, कुठेही कट्यार त्याने कमरेला खोचली नाही. हातातच. बोटांची पेरं पांढरी पडलेली. जेवायला डावा हात वापरला आणि पोरांनी चेष्टा केली, ‘काय रे, लढाईला चाललास का?’ तो हसला, पण पकड ढिली झाली नाही.

दुसऱ्या दिवशी घरी हळद उतरवली. दोघांना पाटावर बसवून पाणी घातलं, बायकांनी नावं घ्यायला लावली, खूप हसणंखिदळणं झालं. सगळं आटोपलं तशी आई म्हणाली, ‘ठेव रं आता ती खाली.’

त्याने ठेवली नाही.

‘अरे ठेव. झालं आता.’

‘ठेवतो,’ तो म्हणाला, आणि हाताकडे बघत बसला. बायका हसायला लागल्या. मामी म्हणाली, ‘बहिणीनं केलेली हाय, सोडवत नसंल!’ सगळ्या पुन्हा हसल्या. मला मात्र हसू येईना. त्याला खरंच सोडता येत नव्हतं. बोटं उघडायला तो बघत होता आणि ती उघडत नव्हती. मी पुढे व्हायला निघाले, काय बोलायचं तेही ठरवलं होतं.

माझ्या आधी नवी नवरी सरकली. ओले केस, हातभर हिरवा चुडा. तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि करंगळीपासून एकेक बोट सोडवायला लागली, शांतपणे, लॅबमध्ये कुणा घाबरलेल्या माणसाची मूठ उघडायला लावत असेल तशी. मी अगदी जवळ होते म्हणून मला तिचं बोलणं ऐकू आलं, बाकी कुणाला आलं नसेल.

‘मी आजारी पडेन कधीतरी,’ ती त्याला म्हणाली. ‘सगळेच पडतात. तेव्हा ड्यूटीवर जाऊ नका. मला उचला आणि दवाखान्यात न्या. हे धरून बसू नका.’

‘नेईन,’ तो म्हणाला.

‘लगेच न्याल?’

‘लगेच.’

‘मग सोडा आता.’

त्याने सोडली.